‘मी’ला वळसा घालणाऱ्या भाषा

‘मी लिहिते’ एवढे म्हटले की लिहिणारी स्त्री आहे हे तुम्हांला कळते. मराठीत नाव झाकता येते. क्रियापद झाकता येत नाही. म्हणूनच इंडोनेशियन आणि कोरियन भाषांचे मला फार कुतूहल वाटते. दोन्हींत क्रियापदाला लिंग नाही. इंडोनेशियनमध्ये ‘दिया’ म्हणजे तो आणि तीही. कोरियनमधला ‘ती’साठीचा ‘कुन्यॉ’ हा शब्द विसाव्या शतकातील लेखकांनी रूढ केला. बोलण्यात तो आजही क्वचितच येतो.

मग तिथली स्त्री बोलताना मोकळी असते काय? उत्तर ‘मी’ या शब्दापाशी सापडते.

इंडोनेशियन ‘साया’ म्हणजे मी. त्याचे मूळ संस्कृत ‘सहाय’, म्हणजे सोबती. मलय भाषेत त्याला सेवक, दास असा अर्थ आला आणि पुढे तो नम्र ‘मी’ झाला. कोरियनमध्ये बरोबरीच्यांशी ‘ना’, तर वडीलधाऱ्यांपुढे ‘जॉ’. ‘मी’ म्हणण्याआधी स्वतःची पायरी ठरवावी लागते. म्हणून माणसे या शब्दाला वळसा घालतात आणि स्वतःचा उल्लेख नावाने किंवा नात्याने करतात. आपल्याकडेही बाळाला भरवताना ‘आई देते हं’ असे म्हणतातच. पण इंडोनेशियात वर्गातली शिक्षिकाही स्वतःला ‘इबू’, म्हणजे आई, म्हणवते.

व्याकरणाने बाहेर ठेवलेले लिंग इथून आत येते. कोरियन तरुणी स्वतःचे नाव घेऊन बोलली, तर ते लाडिक, बालिश मानले जाते. सैन्यात मात्र वरिष्ठाने हाक मारताच जवान हुद्द्यासह स्वतःचे नाव खणखणीतपणे उच्चारतो. ‘ओप्पा’ हा स्त्रीने थोरल्या भावासाठी वापरायचा शब्द. पुरुष तरुणीशी बोलताना स्वतःलाच ‘ओप्पा’ म्हणवतो, तेव्हा तो आपले थोरपण आणि तिचे धाकटेपण एका शब्दात ठरवून टाकतो. २०१२ साली ‘गंगनम स्टाईल’ या गाण्यात गायक साय याने हेच केले आणि अर्थ ठाऊक नसलेल्या जगाने ते त्याच्यासोबत गायिले.

इंडोनेशियात या शब्दांना राजकीय इतिहासही आहे. १९४५च्या क्रांतिकाळात ‘बुंग’ म्हणजे भाऊ, साथी हे संबोधन लोकप्रिय होते. सुकार्नो भाषणांत स्वतःला ‘बुंग कार्नो’ म्हणवीत. सुहार्तोंच्या राजवटीत भावाची जागा ‘बापाक’ने, म्हणजे पित्याने घेतली. १९८३मध्ये त्यांना ‘विकासाचे पिता’ ही उपाधी देण्यात आली. पिता आला की माताही ओघाने आली. १९७४मध्ये स्थापन झालेल्या ‘धर्म वनिता’ या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पत्नींच्या संघटनेत पतीच्या हुद्द्यावरून पत्नीचे स्थान ठरे. जुलिया सूर्यकुसुमा या अभ्यासिकेने या धोरणाला ‘राज्याचा इबूवाद’ असे नाव दिले.

मराठीत मी स्त्री आहे हे क्रियापद सांगते, पण मी कोणाची कोण, हे ते विचारत नाही. या भाषांत क्रियापद गप्प असते आणि नेमका तोच प्रश्न नात्याचा शब्द विचारतो. म्हणून तिथले एखादे पत्र वा भाषण वाचताना ‘कोण बोलते आहे’ एवढ्यावर थांबू नये. ‘कोणाची कोण म्हणून बोलते आहे’ हेही पाहावे.