आधी कोण तापलं?

बिघडलेल्या टीव्हीत वीज कुठेतरी नको तिथे खर्च होत असते आणि उष्णता होऊन बाहेर पडते. ती उष्णता हुडकणं हा आमच्या धंद्यातला जुना उद्योग आहे. थर्मल कॅमेरा त्यात अलीकडे आला. त्याआधी बोट होतं. सेट बंद करायचा, मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करायचा आणि एकेका आयसीवर बोट टेकवत जायचं. पण साधारण ५० अंशांपुढे बोटाला नुसता चटका कळतो. ६० आणि ९० यांतला फरक ते सांगू शकत नाही. मग बोर्डवर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, सोडून ते आधी कुठून उडतं यावर नजर ठेवायची. मोबाईल दुरुस्त करणाऱ्यांनी त्यात राळेच्या धुराची भर घातली. धुराचा पांढरट थर बोर्डवर बसू द्यायचा, सप्लाय द्यायचा आणि थर कुठे वितळतो ते पाहायचं. या सगळ्या युक्त्या आजही चालतात.

माझं दुकान टीव्ही सेंटर नावाच्या भागात आहे; टीव्ही दुरुस्तीला आमच्या शहरात याहून नेमका पत्ता मिळायचा नाही. धंदा मात्र मला पैठण रस्त्यानं शिकवला. त्या रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता आणि माझे उस्ताद तिथल्या असेंब्ली लाइनवर हात बसवून बाहेर पडलेले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तोवर तिथे तयार झालेल्या हातांपैकी काही शहरातल्या दुकानांमध्ये स्थिरावले होते. पिक्चर ट्यूबच्या काळात सारखा जायचा तो लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर, बीयू-५०८ किंवा त्याचा एखादा भाऊबंद. नवा टाकावा, तर थोड्या वेळात तोही जायचा. उस्ताद म्हणायचे, "गरम कोण आहे ते सोड. आधी गरम कोण झालं ते सांग." पुष्कळदा ट्रान्झिस्टर बिचारा मार खात असायचा आणि खरा दोष शेजारच्या एलओटीत, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, त्याच्या आतल्या शॉर्ट झालेल्या वेढ्यांत असायचा. कॅमेरा आला म्हणून उस्तादांचा प्रश्न जुना झाला नाही. फक्त त्याचं उत्तर आता डोळ्यांनी पाहता येतं.

हा कॅमेरा पाहतो ते किरण १८०० साली विल्यम हर्शेलच्या हाती लागले. प्रिझममधून पडलेल्या रंगपट्ट्यात, तांबड्याच्याही पलीकडे जिथे काहीच दिसत नाही, तिथे त्यानं थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. आमचे कॅमेरे त्याहून बरेच पुढचे, ८ ते १४ मायक्रॉनचे किरण टिपतात. साधी काच हे किरण अडवते, म्हणून लेन्स जर्मेनियमसारख्या पदार्थाची असते. आणि म्हणूनच पॅनेल न उघडता समोरून बॅकलाइटची पट्टी तपासू म्हटलं तर जमत नाही. २०१४ मध्ये फ्लिअर वन हा फोनला जोडायचा कॅमेरा बाजारात आला आणि हे यंत्र हळूहळू आमच्यासारख्यांच्या आवाक्यात येऊ लागलं. आज २५६ बाय १९२ पिक्सेलचा कॅमेरा फोनला लावून काम भागतं. हाताच्या अंतरावर आणल्यावर त्याचा एक पिक्सेल साधारण अर्ध्या मिलिमीटरएवढी जागा व्यापतो. बोर्डवरचे बारीक कपॅसिटर मुळात १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद. म्हणजे ज्याला शोधायचं तो पडद्यावर जेमतेम दोन-तीन ठिपक्यांचा. त्यासाठी वरून मॅक्रो लेन्स लावावी लागते.

नव्या माणसाला सगळ्यांत आधी फसवतो तो रंग. पडद्यावरचा लाल म्हणजे 'गरम' असं पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात समोरच्या चित्रात जे सगळ्यांत उष्ण असेल त्याला कॅमेरा लाल रंगवतो, मग ते शेजाऱ्यापेक्षा अर्ध्या अंशानं का उष्ण असेना. बंद पडलेल्या थंडगार बोर्डवरही तो लाल-पिवळी रांगोळी काढून दाखवतो. त्यामुळे आमच्याकडे पहिला नियम असा, की खालची आणि वरची मर्यादा आधी बांधून घ्यायची आणि मगच रंगांकडे पाहायचं.

दुसरी फसवणूक चकाकणाऱ्या धातूची. आयसीचं काळं प्लास्टिक, बोर्डवरचा हिरवा लेप हे आपली उष्णता इमानेइतबारे बाहेर टाकतात. घासूनपुसून चकचकीत असलेलं अॅल्युमिनियम तिचा दहावा हिस्साही टाकत नाही. उलट समोरच्याची उष्णता परतवतं. आमच्या दुकानावर पत्रे आहेत. मे महिन्यात दुपारी ते असे तापतात, की हीटसिंकवर आणि ट्यूनरच्या डब्यावर पत्र्यांचंच प्रतिबिंब उमटतं आणि वाटतं, सापडला शॉर्ट! अशा वेळी कॅमेरा थोडा तिरका करायचा. डाग जागचा हलला तर तो पत्र्यांचा, तिथेच राहिला तर बोर्डचा. किंवा धातूवर काळी चिकटपट्टी लावून पट्टीचं तापमान वाचायचं. शिवाय पंखा बंद, कूलर बंद, कारण वाऱ्याच्या झुळकीनं बारीक कपॅसिटरची ऊब क्षणात उडून जाते. चाळीस अंशांत पंखा बंद करून बसावं लागतं, हे कॅमेऱ्याच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही.

एक काम सांगतो, म्हणजे पद्धत कळेल. बिडकीनहून एक गृहस्थ ४३ इंची सेट मोटारसायकलवर, मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर आडवा ठेवून घेऊन आले. "दादा, आवाज येतो, उजेड येतो, चित्र काही नाही." उजेड आहे म्हणजे बॅकलाइट ठीक. टी-कॉनवरचा, म्हणजे पॅनेलचं चित्र चालवणाऱ्या बोर्डवरचा, फ्यूज उडालेला. मीटरनं पाहिलं तर एव्हीडीडी, म्हणजे पॅनेलला साधारण १५ व्होल्ट देणारी लाइन, ग्राउंडला एक ओहमच्या आत भिडलेली. या लाइनवर टी-कॉनपासून पॅनेलच्या कडेच्या लांबट पट्ट्यांपर्यंत डझनावारी कपॅसिटर समांतर जोडलेले असतात. मीटरला ते सगळे सारखेच शॉर्ट दिसतात. पूर्वी हॉट एअरनं एकेक उचलून पाहायचा, आणि त्या उचलाउचलीत पॅनेलची नाजूक फिल्म गेली की सेट कायमचा गेला.

आता बेंच सप्लायवरून त्याच लाइनला फक्त १ व्होल्ट द्यायचा, करंटवर लगाम ठेवून. एवढ्याशा व्होल्टेजनं चांगल्या आयसीला धक्का लागत नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मात्र सप्लाय सुरू करण्याआधी चालू करायचं, ही खरी मेख आहे. डाव्या पट्टीवर दुसऱ्या सेकंदाला एक ठिपका पेटला. अर्ध्या मिनिटानं पाहिलं असतं तर आतल्या तांब्यातून उष्णता पसरून अख्खं टोकच कोमट दिसलं असतं आणि त्यातला नेमका कोण हे सांगणं कठीण झालं असतं. निर्यातीच्या निर्बंधांमुळे काही कॅमेरे सेकंदाला ९ चित्रंसुद्धा देत नाहीत; तरी चालतं, फक्त पहिले सेकंद हुकता कामा नयेत. तो कपॅसिटर काढला आणि लाइन मोकळी झाली. नवा फ्यूज टाकल्यावर चित्र आलं. सिरॅमिकचे हे कपॅसिटर पट्टी वाकली की आतून तडकतात आणि तडकलेले पुढे शॉर्ट होतात. गृहस्थांना मी एवढंच म्हटलं, "काका, परत नेताना रिक्षा करा आणि सेट उभा न्या."

पण 'आधी कोण तापलं' हा प्रश्नही सगळीकडे पुरत नाही. मेन बोर्डवर १११७ नावाचा छोटा रेग्युलेटर असतो. समजा तो ५ व्होल्टचे १.८ करतोय आणि पुढची चिप बिघडल्यामुळे ८०० मिलिअँपिअर ओढले जाताहेत. तर रेग्युलेटरमध्ये अडीच वॉट जळतात आणि चिपमध्ये दीड वॉटसुद्धा नाही. कॅमेऱ्यात रेग्युलेटर आधीही तापतो आणि जास्तही तापतो, तरी तो निर्दोष! इथे हिशेब मांडल्याशिवाय गत्यंतर नाही. रेग्युलेटर काढून ठेवायचा आणि त्याच्या आउटपुटच्या जागी बाहेरून १.८ व्होल्ट द्यायचे. आता वाटेत दुसरं कुणी नाही. जो तापेल तो दोषी. माझ्या मते या कामातलं कसब इथे आहे. कॅमेरा फक्त वीज खर्च करणाऱ्याला दाखवतो, म्हणून खर्च करायला एकटा गुन्हेगारच उरेल अशी मांडणी आपण करायची.

आणि जो वीज खर्चच करत नाही, तो कॅमेऱ्याला दिसतच नाही. उघडा पडलेला रेझिस्टर, तुटलेला ट्रॅक, बिघडलेला सॉफ्टवेअर प्रोग्राम, सगळे थंड. बॅकलाइटमध्ये एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. एक उघडा पडला की माळ विझते. तिथे साधा एलईडी टेस्टर बरा. रोजच्या कामात अशा थंड तक्रारीच जास्त येतात, त्यामुळे कॅमेरा खणात असतो आणि मीटर हातात. पोरांनाही तोच क्रम लावून दिला आहे. मीटरनं लाइन नक्की झाल्याशिवाय खण उघडायचा नाही.

गरम म्हणजे बिघडलेलं असंही नाही. मुख्य प्रोसेसर तापतो, कॉइल तापते, स्टँडबायचा सप्लायही कोमट असतो; तो त्यांचा धर्म आहे. किती तापणं रास्त, हे मात्र कुठल्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मला मिळालेलं नाही. म्हणून दुरुस्त होऊन निघालेल्या प्रत्येक सेटचं एक चित्र आम्ही काढून ठेवतो. खाली बोर्डचा नंबर, सुरू केल्यापासून किती मिनिटं झाली, दुकानातलं तापमान आणि रंगांची मर्यादा लिहितो. जालन्याचे, पैठणचे मित्र आपली चित्रं पाठवतात, आम्ही आमची. कॅमेरा उद्या आणखी स्वस्त होईल, समोरच्या दुकानातही येईल. चांगल्या बोर्डांच्या चित्रांचा साठा बाजारात मिळत नाही. तो ज्याचा त्यालाच जमवावा लागतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी आताशा आधी चालू सेट देतो आणि सांगतो, हा नीट पाहून घे, बिघडलेला नंतर देईन.