मावशींचं ‘पॅकेज’

‘काय गं, बाई चांगली मिळाली का?’ मॅटर्निटी लीव्ह संपवून ऑफिसला जॉइन झाल्यावर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न! २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते खरी, पण ती संपली की आपलं अख्खं करिअर कुणीतरी वेळेवर बेल वाजवण्यावर अवलंबून असतं. आमच्याकडे ती बेल वाजवतात मावशी. सकाळी साडेआठला त्या आत येतात, मी हिंजवडीची वाट धरते.

गंमत म्हणजे ‘चांगली बाई’ कशी असावी, हे सगळ्यांना पाठ असतं. प्रेमळ हवी, स्वच्छ हवी, सतत मोबाइलमध्ये डोकं घालणारी नको, अडीअडचणीला थांबणारी हवी. पण पगाराचा विषय निघाला की गाडी लगेच ‘आपल्या सोसायटीत काय रेट चाललाय?’वर येते.

जरा हिशोब करू. समजा, रोजचे दहा तास आणि महिन्याचे २६ दिवस. झाले २६० तास. पगार १५,६०० धरला तर तासाला पडले ६० रुपये. ऑफिसखालच्या कॉफी शॉपमध्ये एवढ्यात कॅपुचिनोही येत नाही. आणि सोपवतो काय, तर आपलं पोर!

मी आणि नवरा, दोघंही अप्रेझल आणि कॉम्प-ऑफच्या भाषेत बोलणारी माणसं. त्यामुळे मावशींनाही पहिल्याच दिवशी ‘ऑफर लेटर’ दिलं. हसू नका! फुलस्केपचं एक पान, साध्या मराठीत. बाळाचं खाणं, अंघोळ, झोप आणि त्याचे कपडे हे त्यांचं काम. भांडी, लादी, आमच्या पोळ्या नाहीत. साडेसहानंतर थांबावं लागलं तर तासाला १०० रुपये वेगळे. रविवार सुट्टी, महिन्याला दोन भरपगारी रजा, दिवाळीला एक पगार, वर्षाला वाढ. आम्ही गावाला गेलो तर खाडा धरायचा नाही, कारण सुट्टीवर आम्ही गेलोय, त्या नाही. नोटीस दोन्हीकडून एक महिन्याची.

मावशींनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, ‘ताई, एक राहिलं. माझ्या पोराच्या परीक्षेत मला तासभर लवकर सोडायचं.’ तेही लिहिलं.

सोसायटीत बातमी पोचलीच. ‘तू रेट बिघडवतेस’ हे पहिलं वाक्य. दुसरं, ‘आम्ही तर तिला घरच्यासारखंच वागवतो.’ अगं, पण घरच्या माणसाला ओव्हरटाइम द्यावा लागत नाही, हीच तर सोय!

आणि हे फॅड माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी चक्क संप केला होता. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, तिथे नोंदणी करता येते. पण मावशींनी किती वाजता निघायचं, हे मंडळ ठरवत नाही. फ्लॅटचं दार लागलं की ते आपणच ठरवतो.

गेल्या महिन्यात आमचं रिलीज होतं. मावशींचे जादा तास भरले अकरा. ११०० रुपये हातात देताना पहिल्यांदाच माझ्या उशिराची किंमत आकड्यात दिसली. आता संध्याकाळी सातचा कॉल लागला की मी मॅनेजरला विचारते, ‘सकाळी घेऊ या का?’ बऱ्याचदा जमतंही.

कंपनीला माझा जो तास फुकट मिळतो, त्याचं बिल कुणीतरी भरतंच. निदान आमच्या घरात ते मावशींनी भरू नये.