पैठणचे उद्यान : काही आठवणी

मराठवाड्यातील आमच्या पिढीला ‘सहल’ या शब्दाचा अर्थ पैठणने शिकविला. आमच्या शिरड शहापुरात मल्लिनाथांचे जैन मंदिर होते, जवळच औंढा नागनाथ होते. पण ती दर्शनाची ठिकाणे. निव्वळ आनंदासाठी जावे असे स्थळ एकच, जायकवाडी धरणाच्या पायथ्याचे संत ज्ञानेश्वर उद्यान. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर ते ३०० एकरांच्या आसपास वसविले होते. धरणाचे उद्घाटन १९७६ सालचे. आम्ही उद्यान पाहिले ते १९९० नंतर. दिवेलागणीनंतर संगीताच्या तालावर कारंजी रंग बदलीत. घागरींच्या रांगा पाहत वाढलेल्या आम्हा मुलांनी नाचणारे पाणी तेथे प्रथम पाहिले.

पुढे कारंजी थांबली, हिरवळ वाळली, खेळणी गंजली. नूतनीकरणाच्या घोषणा तेवढ्या अधूनमधून होत राहिल्या. हळहळ व्यक्त केली की प्रश्न येतो : दुष्काळी मुलखाला कारंजी कशाला? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आम्हीही विसरलेलो नाही. परंतु कारंज्यात तेच पाणी पुनःपुन्हा खेळविले जाते. त्याने कोणाची घागर रिती होत नाही. उद्यानात आटली ती निगा.

म्हणूनच ही आठवण आम्हाला केवळ बालपणाची वाटत नाही. मराठवाड्याने पाणी मागावे ते पिण्यापुरते आणि पिकापुरतेच, असे आता आपणही धरून चाललो आहोत. त्या उद्यानाने मात्र आम्हाला, न मागताच, गरजेपलीकडचे काही दिले होते.