थोपवलेला प्रकाश

तुमच्याही घरी एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत जुनी कृष्णधवल छायाचित्रे असतील आणि त्यांच्या तळाशी, कोणी फेकून दिल्या नाहीत म्हणून उरलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या. छायाचित्रे आपण जपतो. पट्ट्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. डार्करूममधील छपाई शिकलो नसतो, तर मीही पाहिले नसते.

शिकलो साताऱ्यात, मोती चौकाजवळच्या एका जुन्या स्टुडिओत. तेथील काकांनी गिऱ्हाइकांचे रोल धुणे केव्हाच बंद केले होते. पण जिन्याखालची काळोखी खोली, एन्लार्जर आणि तीन ट्रे मोडीत काढले नव्हते. फिल्मला सर्व रंगांचा प्रकाश जाणवतो, म्हणून ती संपूर्ण काळोखात हाताळावी लागते. ब्रोमाइड कागदाला तांबडा प्रकाश जाणवत नाही, म्हणून छपाईच्या वेळी तांबडा दिवा चालतो. पहिल्या ट्रेत डेव्हलपर, दुसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल, तिसऱ्यात हायपो. एन्लार्जरखालून काढलेला कागद डेव्हलपरमध्ये बुडवला, की काही क्षण तो कोराच राहतो. मग केस, बुबुळे, सावल्या असे जे जे काळे ते आधी उमटू लागते. रसायने २० अंश सेल्सिअसच्या आसपास हवीत. एप्रिलमध्ये नळाचे पाणीच त्याहून गरम. तेव्हा काका परातीत बर्फ घालून तीत ट्रे ठेवीत. छायाचित्रणाच्या पुस्तकांत ही परात मला कोठे आढळली नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची; त्या वेळी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. ते ओसरल्यावर मी साताऱ्याहून आत्याकडे गेलो. अल्बमचा लगदा झाला होता. ट्रंकेतील निगेटिव्ह मात्र अजून ओल्या होत्या, हे नशीब. फिल्मवरील जिलेटिनचा थर पाण्यात फुगून मऊ होतो. ओल्या पट्ट्या स्वच्छ पाण्यात हलकेच सोडवता येतात, एकमेकींवर वाळल्या की त्या कायमच्या चिकटतात. तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर त्या उन्हात टाकण्याची घाई करू नका. आम्ही बादलीत एकेक पट्टी सोडवून दोरीवर चिमट्यांनी टांगली.

त्यांतील एका चौकटीत आत्याचा थोरला मुलगा होता. तो सातव्या वर्षी गेला. त्याचे हे एकच छायाचित्र. भिंतीवरच्या जुन्या प्रतीत वाड्याच्या उन्हातल्या भिंतीची वीट न् वीट दिसे आणि आंब्याच्या सावलीत उभ्या मुलाच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग. ‘त्याचा चेहरा आलाच नाही,’ असे घरात पन्नास वर्षे म्हटले जाई. मी निगेटिव्ह खिडकीसमोर धरली. चेहरा आला होता. पुसट, पण आला होता. जुनी प्रत भिंतीच्या हिशेबाने छापली गेली होती, एवढेच.

भिंतीला २२ सेकंद प्रकाश हवा होता. तेवढ्यात चेहरा काळाठिक्कर होई. यावर उपाय हाताचा. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची लहानशी चकती चिकटवायची आणि काही सेकंद तिची सावली चेहऱ्यावर धरायची. ती हलती ठेवावी लागते, नाहीतर तिची कडा कागदावर उमटते. उटकमंडच्या सरकारी कारखान्यातील ‘इंदू’ छापाचा माल बंद झाल्यापासून कागद बाहेरून येतो, महाग पडतो. तरी चार ताव गेले. १० सेकंद प्रकाश थोपवला, तेव्हा चेहरा राख फासल्यासारखा दिसला. मला तोही चालला असता, कारण सारे स्पष्ट दिसत होते. काका म्हणाले, “त्याला उन्हात आणू नकोस. पोरगा सावलीतच उभा होता.” शेवटी ६ सेकंदांवर थांबलो.

प्रत हायपोतून काढून तासभर वाहत्या पाण्यात धुतली, वाळवली आणि सांगलीला नेली. आत्याने चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिले. “पुढचे दोन दात पडले होते रे त्याचे,” ती म्हणाली. “मी विसरलेच होते.”

मुलाच्या पायांवरून पुराच्या पाण्याचा एक डाग गेला होता. बारीक कुंचल्याने तो झाकून देतो, असे मी सुचवले. तिने मान हलवली आणि, भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसत होती, तिच्या हातभर वर खिळा ठोकायला सांगितला.