मदरबोर्ड बदलल्यानंतरचे दप्तर

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आषाढ-श्रावणात जो पाऊस कोसळतो, ज्याच्या ओलीने भिंतींचे पोपडे सुटतात, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि वीज दिवसातून कितीदा तरी जाऊन तितक्याच वेळा झटक्याने परत येते, त्या पावसात त्र्यंबकेश्वरातील संगणकांचे मदरबोर्ड इतके निकामी होतात, की बोर्ड बदलण्याचा एक हंगामच आमच्या व्यवसायात मानावा लागतो. कधी दाबातील चढउतार पॉवर सप्लायला ओलांडून पुढे जातो, कधी विजेचा धक्का नेटवर्कच्या तारेतून आत शिरतो, तर कधी धूळ आणि दमट हवा मिळून बोर्डावरील बारीक जोड गंजवून टाकतात. प्रत्यक्ष बोर्ड काढून दुसरा बसवणे हे हस्तकौशल्याचे आणि थोड्या वेळाचे काम आहे. विचाराचे काम त्यानंतर सुरू होते.

नवा बोर्ड बसला, की डिस्क पुसून विंडोज नव्याने घालावी, हा सर्वत्र रूढ झालेला प्रघात आहे आणि शास्त्रदृष्ट्या तो निर्दोषही आहे. परंतु येथील गुरुजींच्या यंत्रावर नारायण नागबळी, त्रिपिंडी आदी विधींसाठी आलेल्या यजमानांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी, दक्षिणेचा जमाखर्च, जुन्या मराठी फॉन्टांत टंकलेली पत्रके आणि ज्यांची मूळ सीडी केव्हाच गहाळ झाली आहे अशा प्रणाली नांदत असतात. त्यांतील काही प्रणाली तर यूएसबीला लावलेल्या डोंगलशिवाय उघडतच नाहीत. म्हणून यंत्र दुकानात येते तेच मुळी “काहीही करा, पण फॉरमॅट मारू नका” ही अट घेऊन. ही अट मला रास्त वाटते, आणि ती पाळायची तर जुन्या बोर्डाने मागे ठेवलेले ड्रायव्हर नीट निरखून दूर करणे ओघानेच येते.

बोर्डावरील डिस्कचा कंट्रोलर, आवाजाची चिप, नेटवर्कची चिप, यूएसबीची द्वारे, या प्रत्येकाशी विंडोजचा व्यवहार त्या त्या ड्रायव्हरमार्फत चालतो. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत एकदा लिहिले गेलेले कुळ जसे पिढ्या उलटल्या तरी खोडले जात नाही, तशीच एकदा जोडल्या गेलेल्या उपकरणाची नोंद ते उपकरण गेल्यावरही विंडोजच्या रजिस्ट्रीत बहुधा कायम राहते. विंडोज एक्सपीच्या अमदानीत या जुन्या नोंदी यंत्राला सुरूच होऊ देत नसत. डिस्कचा कंट्रोलर वेगळा निघाला, की निळ्या पडद्यावर ७बी या अंकाने संपणारी त्रुटी उमटे आणि सारे तेथेच थांबे. विंडोज १० पासून हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. मात्र डिस्कचा कारभार जुन्या बोर्डावर एएचसीआय पद्धतीने चालत होता की रेड पद्धतीने, हे ध्यानात घेऊन नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये तीच तजवीज आधी करावी, आणि त्याहीपूर्वी डिस्कची संपूर्ण प्रत काढून ठेवावी, हा माझा आग्रह आजही कायम आहे.

यंत्र सुरू झाले, नव्या बोर्डाचे चिपसेट ड्रायव्हर घातले, की डिव्हाइस मॅनेजर उघडून लपलेली उपकरणे दाखवण्याचा हुकूम द्यावा. तत्क्षणी फिकट रंगाच्या चिन्हांची मोठी रांग समोर येते, आणि नवशिक्या कारागिराचा हात येथेच शिवशिवतो. पण फिकट दिसणारी प्रत्येक नोंद जुन्या बोर्डाची नसते. कधीतरी लावलेला पेन ड्राइव्ह, या क्षणी बंद असलेला प्रिंटर, आणि गुरुजींच्या कपाटात जपून ठेवलेले ते डोंगल, ही सारी त्याच रांगेत, त्याच रंगात उभी असतात. डोंगलचा ड्रायव्हर समूळ उपटला आणि त्याची सीडी उपलब्ध नसली, तर ज्या प्रणालीसाठी फॉरमॅट टाळला तीच प्रणाली हातची जाते. म्हणून नोंदीच्या गुणधर्मांत शिरून हार्डवेअर आयडी वाचावा. त्यात निर्मात्याचा क्रमांक असतो. इंटेलचा क्रमांक ८०८६, एएमडीचा १०२२, रिअलटेकचा १०ईसी. जुना बोर्ड इंटेलचा प्रोसेसर घेणारा आणि नवा एएमडीचा असेल, तर निवाडा पुष्कळसा सोपा होतो. दोन्ही एकाच घराण्याचे असतील, तर त्यापुढील उपकरण-क्रमांकही ताडून पाहावा लागतो.

तारखेवर मात्र मुळीच विसंबू नये. इंटेलच्या कित्येक चिपसेट ड्रायव्हरांवर १८ जुलै १९६८ ही तारीख आढळते, आणि ती पाहून जुनाट कचरा समजून ते काढणारे लोक मी पाहिले आहेत. वस्तुतः तो त्या कंपनीच्या स्थापनेचा दिवस असून, अधिक विशिष्ट ड्रायव्हर उपलब्ध असल्यास त्यालाच अग्रमान मिळावा, या हेतूने तो मुद्दाम घातलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवरील २१ जून २००६ या तारखेमागेही हाच हेतू आहे.

या फिकट नोंदींपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. उपकरण हजर नसले, की त्याचा ड्रायव्हर सहसा स्मृतीत चढतच नाही, त्यामुळे त्या ठेवल्याने यंत्र मंदावते हा समज निराधार आहे. ज्या नोंदीने एखादा हक्क अडवून धरला आहे, किंवा जो ड्रायव्हर आपले उपकरण गेल्यावरही कामावर रुजू होतो आहे, त्याचीच बरतर्फी खरी निकडीची.

हक्क अडवण्याचे ठळक उदाहरण भक्तनिवासांत दिसते. तेथे दोन काउंटर एकाच मुख्य संगणकावरील खोल्यांची नोंदवही वापरतात आणि त्या संगणकाला कायमचा आयपी पत्ता नेमून दिलेला असतो. बोर्ड बदलला, की नव्या नेटवर्क चिपला विंडोज नवे उपकरण मानते. पत्ता मात्र जुन्या, आता अस्तित्वातच नसलेल्या चिपच्या नावावर राहतो. “अहो, दुसऱ्या काउंटरवर काहीच उघडत नाही,” असा व्यवस्थापकांचा फोन येतो, आणि तोच पत्ता नव्या चिपला द्यायला जावे, तर संगणकात हजर नसलेल्या दुसऱ्या अडॅप्टरकडे तो आधीच आहे, असे विंडोज बजावते. ती फिकट नोंद काढली आणि पत्ता पुन्हा नेमला, की व्यवहार सुरळीत होतो. कॉम पोर्टच्या क्रमांकांचेही असेच आहे.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. बोर्डासोबत पंख्यांची गती, दिव्यांचे रंग वा प्रोसेसरचा वेग सांभाळणाऱ्या ज्या उपयोजना येतात, त्यांचे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, सर्वाधिकार घेऊन चालतात, आणि बोर्ड गेला तरी ते प्रत्येक वेळी यंत्राबरोबर सुरू होत राहू शकतात. गिगाबाइटच्या अशाच एका जुन्या, पण वैध स्वाक्षरीच्या ड्रायव्हरचा आधार घेऊन रॉबिनहूड या खंडणीखोर प्रणालीने अँटिव्हायरस निष्प्रभ केल्याचे २०२० साली उघडकीस आले. तेथे हल्लेखोरांनी तो ड्रायव्हर बरोबर आणला होता. आपण तो घरातच ठेवून घ्यावा, याला काहीच अर्थ नाही. या उपयोजना प्रथम नेहमीच्या मार्गाने, प्रोग्रामांच्या यादीतून काढाव्यात. विंडोजमधील मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण जुन्या ड्रायव्हरपायी चालू होत नसेल, तर अडवणाऱ्या फाइलींची नावे तेथेच झळकतात, आणि ती यादी कोणत्याही सफाईच्या सॉफ्टवेअरपेक्षा मला अधिक भरवशाची वाटते. एका कळीत सारे स्वच्छ करण्याचे आश्वासन देणारी ती सॉफ्टवेअरे डोंगल आणि कचरा यांत भेद करीत नाहीत.

उरलेले ड्रायव्हर पीएनपीयुटिल या विंडोजच्याच अंगभूत आज्ञेने काढता येतात. ती प्रत्येक ड्रायव्हरला ओईएम आणि पुढे अंक अशा नावाने ओळखते. तिच्याकडून आधी संपूर्ण यादी घ्यावी, काढावयाच्या ड्रायव्हरांची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये निर्यात करावी, आणि मग एकेकाला निरोप द्यावा. ड्रायव्हर वापरात असल्याचे सांगून आज्ञेने नकार दिला, तर तिच्यावर जबरदस्ती करू नये. तो नकार बहुधा साधार असतो. निर्यात केलेली प्रत मी यंत्राबरोबरच देतो, आणि महिनाअखेरचा हिशेब, छपाई व डोंगलवरची प्रणाली गुरुजींनी स्वतः चालवून पाहीपर्यंत ती पुसू नये, असे त्यांना सांगून ठेवतो.