खुर्चीतली धास्ती

दाढ ठणकायला लागली की माणूस आधी लवंग धरतो, मग औषधाच्या दुकानातून गोळी आणतो आणि दवाखान्याची पायरी चढतो ती गाल सुजल्यावर. याला आळस म्हटले जाते. बहुतेकदा ती भीती असते. चालढकलीत कीड गाभ्यापर्यंत पोचते आणि सिमेंट भरून भागले असते तिथे रूट कॅनलची वेळ येते. त्यातच दाह झालेल्या जागी आम्लता वाढते, त्यामुळे भूल नीट चढत नाही. सर्वांत भित्र्यालाच सर्वांत जास्त दुखते, आणि त्याची भीती खरी ठरते.

ही भीती मोजता येते. नॉर्मन कोरा यांची १९६९ची प्रश्नावली चार प्रश्नांची होती; तीत भुलीच्या सुईबद्दल प्रश्नच नव्हता! हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये तो पाचवा म्हणून जोडला. २५पैकी १९ किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र भीती. काम दोन-चार मिनिटांचे, पण बहुधा ‘घाबरू नका’ एवढ्यावरच भागवले जाते.

घाबरलेला रुग्ण गप्पच असतो असे नाही. काही जण अखंड बोलत राहतात, म्हणजे तोंडात काही घालायला डॉक्टरांना फट मिळत नाही. सुईनंतर छाती धडधडली की हृदयविकाराचा झटका आल्यासारखे वाटते. पुष्कळदा तो भुलीच्या औषधातल्या अॅड्रेनालिनचा परिणाम असतो. हे आधी सांगितले तर निम्मी घालमेल टळते. वरची दाढ काढली की नजर जाते, हा समज वडीलधाऱ्यांत अजून आहे. त्यावर हसू नये. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी, हे आरशात दाढ दाखवत सांगावे.

गोळीपेक्षा उपयोगी पडतो तो साधा करार: डावा हात वर झाला की मशीन थांबेल. अनेक जण काहीही दुखत नसताना एकदा हात वर करून बघतात. तेव्हा थांबलेच पाहिजे. ‘झालंच, एक मिनिट’ म्हटले की करार मोडला. लहान मुलांसाठी १९५९पासून ‘सांगा, दाखवा, करा’ ही रीत आहे: फिरता ब्रश आधी मुलाच्या नखावर टेकवायचा, मग दातावर. मात्र घरी ‘दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील’ असे ऐकून आलेल्या मुलाला दुप्पट वेळ द्यावा लागतो.

गुटखा खाणाऱ्याची धास्ती वेगळी. तोंड दोन बोटेच उघडते, गालाच्या आतली त्वचा पांढरी आणि ताठर पडलेली असते. त्याला दुखण्याची नव्हे, निदानाची भीती असते. तो दाताचे निमित्त करून येतो आणि निघताना, चप्पल घालता घालता, खरा प्रश्न विचारतो.