गव्हाचं पाणी

आमच्या घरी हिशेबाची वही यांच्या हातात असते. बियाण्याचे किती, खताचे किती, कृषी केंद्राची उधारी किती राहिली, 31 मार्चच्या आत पीककर्ज भरायचं म्हणून कापूस कोणत्या भावानं मोडला, सगळं तीत लिहिलेलं असतं. कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाला कर्ज या शब्दाची धास्तीच आहे. 2006 साली केंद्र सरकारनं विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यांत आमचा वर्धा जिल्हा होता. ती वर्षं आमच्याकडं कोणी विसरलेलं नाही. मीही एक वेगळी वही ठेवते, पण म्हणूनच तिला मी कर्जाची वही म्हणत नाही. तिच्यात रकमा नाहीत, माणसं आहेत. आणि बहुतेक नोंदी उन्हाळ्यातल्या आहेत.

आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. मोठा झाला की त्याला विचारीन, मग लिहीन.

दीड वर्षाचा असताना तो दोन-तीन शब्द बोलायचा. मग तेही गेले. हाक मारली तरी वळून बघेना. पंख्याकडं तास तास बघत राहायचा. कोणी म्हणालं, मुलगे उशिराच बोलतात. कोणी विचारलं, दिवस असताना काय खाल्लं होतंस? एका दवाखान्यात तर मलाच ऐकवलं की तुम्ही घरी लेकराशी बोलत नसाल. ते वाक्य मी कितीतरी महिने उशाला घेऊन झोपले. साडेतीन वर्षांचा झाल्यावर नागपूरला नीट तपासणी झाली आणि या अवस्थेचं नाव कळलं. पुढं वाचत गेले तेव्हा समजलं, 1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अशा अकरा मुलांबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, आणि त्यानंतर बरीच वर्षं दोष आयांच्याच माथी मारला जात होता. आईची माया कमी पडली म्हणून मूल असं झालं, असं शिकलेली माणसं म्हणत. ते खोटं होतं, हे 1960च्या दशकापासून संशोधकांनी दाखवून दिलं. तरी ते वाक्य फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचलंच. आपल्याकडं 2016 च्या कायद्यानं 21 प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नता धरली. आता आमच्या मुलाकडं प्रमाणपत्र आहे, कार्ड आहे. पण एप्रिल-मे कसा काढायचा, हे कार्डावर लिहिलेलं नसतं.

आमच्या गावचा, अल्लीपूरचा उन्हाळा म्हणजे पारा 45 च्या पुढं. सकाळी दहाला दारं लावायची ती संध्याकाळी पाचला उघडायची. त्यात विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. आमच्या मुलाला रोजचा दिवस कालच्यासारखा लागतो. शाळा बंद झाली की त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. वीज गेली, कूलरची घरघर थांबली की तो कान दाबून ओरडतो. पाहुण्यांकडं जाणं जमत नाही, लग्नाच्या मांडवात जाणं जमत नाही. माझं माहेर वर्ध्याचं, इथून फार लांब नाही. पण उन्हाळ्यात माहेरी राहायला जाणंही सुटलं.

थेरपीच्या ताईंनी सांगितलं होतं, दिवसाची चित्रं काढून भिंतीवर लावा. पुढं काय होणार हे त्याला दिसलं की त्याची भीती कमी होईल. मी लग्नपत्रिका कापल्या. ज्या लग्नांना आम्ही गेलो नाही, त्यांच्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर दात घासण्याचं चित्र काढलं, आंघोळीचं काढलं, पन्ह्याच्या पेल्याचं काढलं, रात्रीच्या अंगणातल्या बाजेचं काढलं. सकाळच्या आठ वाजताचं एक चित्र मात्र माझ्या मनातलं नाही. ते शेजारच्या आजींनी दिलेलं आहे.

आजी दर उन्हाळ्यात कुरड्या करतात. पाच किलो गहू मोठ्या गंजात भिजत घालायचा, तीन दिवस रोज पाणी बदलायचं. मुलगा पाच वर्षांचा होता त्या वर्षी एका सकाळी तो घरात दिसेना. पाहते तर आजींच्या अंगणात गंजापाशी उभा, कोपरापर्यंत हात पाण्यात. मी धावत गेले. लोकांच्या खाण्याच्या वस्तूत हात, जीव शरमेनं अर्धा झाला. मी त्याला ओढणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, "राहू दे व माय. पाणी त बदलाचंच हाय. त्याच्याच हातानं बदलू."

त्यांनी त्याच्या हातात गडवा दिला. एक गडवा काढायचा, जास्वंदीच्या बुडाशी ओतायचा, परत यायचं. तो अर्धा तास तेच करत होता. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळी तो कुंपणाशी जाऊन उभा राहिला. आजी गडवा घेऊन बसल्याच होत्या. तिसऱ्या दिवशी गव्हाला आंबूस वास सुटतो. वासाचं त्याचं फार असतं, म्हणून मला धाकधूक होती. त्यानं नाक मुरडलं, पण काम सोडलं नाही.

चौथ्या दिवशी गहू वाटून चीक काढला. बोटाला चिकटणारं काहीही त्याला तेव्हा सोसायचं नाही. वरणभाताचा हात लागला तरी रडायचा. तो भिंतीशी दूर उभा राहिला. मी बघत होते तर आजींनी मला टोकलं, "त्याच्याकडं पाहू नको. पाहिलं का लेकरू बुजते." मी पाठ फिरवली. थोड्या वेळानं बघितलं, तर भिंतीवर चिकाची पांढरी रेघ होती. एका बोटाची. तिच्या शेजारी आणखी एक. चीक लावायचा, भिंतीला पुसायचा, पुन्हा लावायचा, असं त्यानं स्वतःच चालवलं होतं. आजींनी ती भिंत दिवाळीपर्यंत सारवली नाही.

चीक रात्रभर बसला, वरची निवळ ओतून दिली. पहाटे आधणात मीठ घालून दोघी-तिघींनी तो हाटला, वाफ आणली, आणि गरम गरम सोऱ्यातून धुतलेल्या धोतरावर कुरड्या घातल्या. गरम कामापासून त्याला लांब ठेवलं होतं. संध्याकाळी अर्धवट वाळलेल्या कुरड्या उलटताना आजींनी त्याला बोलावलं. तो एकेक कुरडई उलटत गेला आणि ओळीत लावत गेला, इतक्या सरळ की सूत धरावं. एका बाईनं जागा करायला चार कुरड्या सरकवल्या, तर आजी म्हणाल्या, "याची ओळ कोणी मोडू नका."

गांधीजींचं सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातलं. 1937 साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावं हा गांधीजींचा विचार, ज्याला आपण नई तालीम म्हणतो, तिथं मांडला गेला. शाळेत असताना मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला आजींच्या अंगणात लागला. मुलगा आधी शहाणा होऊ दे, मग त्याला काम देऊ, असं त्यांनी म्हटलं नाही. आहे तसा आला, तसं काम दिलं. यानं तो बोलायला लागला असं नाही. आजही त्याचे शब्द मोजकेच आहेत. पण तो वरणभात हातानं खातो, आणि ती सुरुवात त्या भिंतीवरच्या रेघांपासून झाली.

वहीत दुसरी नोंद एका वरातीची आहे. गल्लीतल्याच घरचं लग्न होतं. आम्ही खिडक्या लावून, त्याच्या कानावर उशी धरून बसलो होतो. बँड जवळ जवळ येत गेला आणि अचानक थांबला. वरात आमच्या दारावरून नुसत्या पावलांच्या आवाजात गेली. पुढच्या निंबापाशी पोचल्यावर वाजंत्री पुन्हा सुरू झाली. वरबापानं आधीच सांगून ठेवलं होतं, हे मला चार दिवसांनी कळलं. त्यांनी स्वतः कधी तो विषय काढला नाही.

तिसरी नोंद लिहिताना अजून हात थरथरतो. मागच्या वर्षी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, चालू होता. दुपारी वीज गेलेली, मुलगा झोपलेला, माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा दार उघडं. स्वमग्न मुलं कधी कधी अशी निघून जातात आणि पाण्याकडं ओढली जातात, हे मी वाचलेलं होतं. त्यामुळं डोळ्यांपुढं फक्त विहिरी येत होत्या. हे यशोदा नदीच्या वाटेनं धावले, मी शेतांकडं. हाक मारून उपयोग नव्हता, तो ओ देत नाही.

तो गावाबाहेरच्या एका विहिरीजवळ सापडला. जनावरांच्या हौदाच्या कडेला बसून नळीतून पडणारी पाण्याची धार बघत होता. त्याच्या डोक्यावर काळी छत्री होती, दगडात खोचलेली. आणि त्याच्या नि विहिरीच्या मधोमध, उन्हात, गावातले शेळ्या चारणारे बाबा बसले होते. दुपट्टा डोक्याला बांधलेला, घाम गळत होता. मी काही बोलण्याआधी ते म्हणाले, "हात नाही लावला त्याले, बाई. लावला असता त पयाला असता. शेळीचं पिलू बी तसंच असते. मांगं लागलं का पयते. म्हणून बसून रायलो."

किती वेळ, असं मी विचारलं. त्यांनी सावलीकडं बघितलं आणि उत्तर न देता काठी उचलली.

त्यानंतर आम्ही दाराला वर, त्याचा हात पोचणार नाही अशी कडी बसवली, त्याच्या सदऱ्यांच्या आत फोन नंबर शिवला. बाबांना कापड द्यायला गेलो, तर त्यांनी घेतलं नाही. मग यांनी दाराशी एक जुनी टाकी अर्धी कापून ठेवली. बाबांच्या शेळ्या परतताना तिथं पाणी पितात. टाकी भरायचं काम मुलाचं. भिंतीवर त्याचंही एक चित्र आहे. तो गडव्या-गडव्यानं भरतो, म्हणून अर्धा तास लागतो. शेळ्या आल्या की तो दाराआड उभा राहून त्यांच्या पिण्याचा आवाज ऐकतो.

यंदा एप्रिल लागला तेव्हा आजींचे गुडघे पार गेले होते. यंदा कुरड्या नाहीत, असं त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं. मी रात्री भिंतीवरचं आठ वाजताचं चित्र काढून ठेवलं आणि सकाळी काय होईल या धास्तीनं जागी राहिले. आठ वाजता तो कुंपणाशी गेलाच. मी मागोमाग त्याला आणायला गेले.

आजी खुर्चीवर बसल्या होत्या. समोर स्टुलावर छोटा गंज, त्यात गहू भिजलेला. हातात गडवा.

"किलोभरच हाय," त्या म्हणाल्या. "कुरड्या काही होत नाही आता माझ्याच्यानं. पण त्याचं पाणी कसं मोडू?"

त्यानं गडवा घेतला. मी घरी येऊन चित्र परत लावलं. रात्री वही उघडली आणि लिहिलं: गहू, एक किलो. माझ्या वहीतली ती पहिलीच रक्कम.